घड्याळ ठणठणीत, पट्टा मात्र दरवर्षी जातो: सांगली-साताऱ्यात काय तपासायचं, काय बसवायचं

घड्याळ वीस वर्षांचं झालं तरी बिनतक्रार चालतंय, काच शाबूत आहे, बेझल, म्हणजे काचेभोवतीचं फिरणारं कडं, फिरवली की अजून कडक टिकटिकते, आणि पट्टा मात्र दर दिवाळीला नवा घ्यावा लागतो. ओमेगा स्पीडमास्टर, सीमास्टर, रोलेक्स सबमरीनर, ट्यूडर ब्लॅक बे किंवा सेकोचं जुनं डायव्हर, म्हणजे पाण्यात बुडी मारायला बनवलेलं घड्याळ, वापरणाऱ्यांची ही तक्रार सांगली-मिरजेपासून कराड-साताऱ्यापर्यंत सारखी ऐकू येते. कुणाचा पट्टा घड्याळाला जोडणाऱ्या पिनेपाशी फाटतो, कुणाच्या पट्ट्याला पावसाळ्यात बुरशी येते, कुणाचं घड्याळ गाडी चालवताना मनगटावरून सुटून रस्त्यावर पडतं.

बहुतेक जण काय करतात, तर जुना पट्टा दुकानदारापुढे ठेवून ‘असाच एक द्या’ म्हणतात. दुकानदारही तसाच देतो. मग ज्या कारणाने पहिला गेला, त्याच कारणाने दुसराही जातो. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की जुना पट्टा लगेच टाकून देऊ नका. तो कुठे आणि कसा गेला हे आधी बघा, आणि नवा पट्टा त्या जागेवरून निवडा. रंग, शिलाई, बकल हे सगळं त्यानंतर.

जुना पट्टा उजेडात धरा

पट्टा उलटा करून खिडकीपाशी न्या. घड्याळाच्या बाजूला, जिथून पिन जाते त्या नळीपाशी तो फाटला असेल तर दोष बहुतेक वेळा पिनेचा किंवा पट्ट्याच्या जाडीचा असतो. अस्तर काळं पडून त्याचे पापुद्रे सुटले असतील, कुबट वास येत असेल, तर घामाने घात केला आहे. बकलाच्या एकाच भोकाभोवती लांबट चीर गेली असेल तर लांबी चुकली आहे. रबरासारखा दिसणारा पट्टा हाताला चिकटायला लागला असेल तर तो मुळात रबर नव्हताच, पॉलियुरेथेनचा होता. उष्ण आणि दमट हवेत त्याची रचना हळूहळू तुटत जाते. मग तो धुऊन, पावडर लावून, कशानेही सुधारत नाही, टाकूनच द्यावा लागतो.

आणि पट्टा धडधाकट असताना घड्याळ पडलं असेल, तर पट्ट्याला हातही लावू नका. पिन शोधा.

रुंदी अंदाजाने ठरवू नका

केसला, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या डबीला, वर दोन आणि खाली दोन असे चार पाय असतात, कारागीर त्यांना लग म्हणतात. दोन लगांमधलं आतलं अंतर हीच पट्ट्याची रुंदी. घड्याळ मोठं म्हणजे पट्टा रुंद, असा हिशेब इथे चालत नाही. ४२ मिमी व्यासाच्या स्पीडमास्टर प्रोफेशनलला २० मिमीचा पट्टा लागतो, तर त्याहून लहान, ४१ मिमीच्या ट्यूडर ब्लॅक बेला २२ मिमीचा. त्याच ट्यूडरच्या ३९ मिमी ब्लॅक बे फिफ्टी-एटला पुन्हा २० मिमी. सबमरीनर १९५३ सालापासूनची. तिच्या ४० मिमी मॉडेलांना २० मिमीचा पट्टा बसतो, पण २०२० मध्ये आलेल्या ४१ मिमीच्या मॉडेलला २१ मिमी लागतो. ‘सबमरीनरचा पट्टा द्या’ एवढंच सांगून ऑनलाइन मागवलेले पट्टे परत जातात ते यामुळे. सेकोच्या एसकेएक्स००७ ला २२ मिमी.

मोजायला व्हर्नियर, म्हणजे जबड्यांत धरून बारीक मोजणारं माप, वापरा. कुपवाडची एमआयडीसी, किर्लोस्करवाडी, साताऱ्याची एमआयडीसी अशा भागांत राहणाऱ्यांना व्हर्नियर धरणारा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. फक्त लोखंडी जबडे केसला लागू देऊ नका. प्लास्टिकचा व्हर्नियर मिळाला तर तोच बरा. फूटपट्टीने मोजलं की १९ आणि २० मधला फरक हमखास हुकतो.

एक मिमीने अरुंद पट्टा लोक चालवून घेतात. दिसायला फार वाईट दिसत नाही म्हणून. पण पट्टा पिनेवर डावी-उजवीकडे सरकत राहतो, उघड्या राहिलेल्या पिनेवर धूळ आणि घाम साचतो, आणि पट्ट्याची कड लगाच्या आतल्या बाजूला घासते. १९६४ च्या बाँडपटात शॉन कॉनरीच्या सबमरीनरला लगांमध्ये दोन्हीकडे फट राहील इतका अरुंद पट्ट्यापट्ट्यांचा कापडी पट्टा आहे. ते दृश्य बघून तसाच पट्टा मागणारे शौकीन आजही आहेत. फोटोपुरता तो छान दिसतो, पण रोजच्या वापराला घेऊ नका.

उलट बाजूने, एक मिमीने जास्त रुंद असलेला चामडी पट्टा दाबून बसवता येतो, पण कडा चुरगळतात आणि शिलाई तिथूनच सुटायला लागते. रबराचा तर दाबून बसवूच नये. दाबलेलं रबर पिनेला सतत बाहेर ढकलत राहतं.

पिन: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित

सांगलीत गणपती पेठेच्या बाजूला घड्याळ दुरुस्तीच्या एका जुन्या टेबलापाशी ऐकलेला हा संवाद.

‘अण्णा, पट्टा फाटलाय. जरा चांगल्यातला दाखवा.’

‘पट्टा राहू दे साहेब. आधी पिन बघू.’

अण्णांनी दोन्ही पिना काढून पांढऱ्या कागदावर ठेवल्या आणि नखाने एकेक टोक दाबून बघितलं. पहिल्या पिनेची दोन्ही टोकं दाबली की आत जायची आणि सोडली की टचकन बाहेर यायची. दुसरीचं एक टोक आत गेलं ते अर्ध्यावरच अडकलं. भिंगातून बघितल्यावर त्या टोकाच्या मुळाशी तपकिरी गंजाचं कडं दिसलं, आणि नळी मधोमध किंचित वाकलेली. कागदावर बारीक तांबूस भुकटी पडली होती. पट्टा नेमका त्याच बाजूला फाटला होता. वाकलेल्या पिनेवर तो सरळ फिरू शकत नव्हता, म्हणून सगळा ताण एका कोपऱ्यावर येत होता. तिथे कितीही भारी पट्टा बसवला असता तरी तो वर्षभरात गेलाच असता.

पिन म्हणजे बारीक नळी, आत स्प्रिंग आणि दोन्ही बाजूंना टोकं. घाम या नळीत शिरतो आणि बाहेर पडायला वाट नसते. म्हणून पट्टा वरून कोरडा दिसला तरी पिन आतून गंजत राहते.

पिनेची लांबी लगांमधल्या अंतराइतकी घ्यायची, हे सगळ्यांना माहीत असतं. जाडी मात्र कुणी विचारत नाही, आणि नेमकी तिथेच चूक होते. साध्या चामडी पट्ट्यासोबत येणारी पिन बहुतेक वेळा १.५ मिमी जाडीची असते. रोलेक्सच्या स्पोर्ट्स घड्याळांना २ मिमीची लागते, सेकोच्या डायव्हरना २.५ मिमीची. ही नळीची जाडी झाली. तिच्या टोकांची जाडीही वेगवेगळी असते आणि ती लगातल्या भोकाला जुळायला हवी. मोठ्या भोकात बारीक टोक बसवलं तर पिन पडत नाही, पण खुळखुळते. रोजच्या हलण्याने भोक हळूहळू लांबट होतं आणि हे नुकसान केसचं असतं. पट्टा नवा घेता येतो, लगातलं झिजलेलं भोक भरून पुन्हा पाडणं हे मोठ्या कारागिराचं काम आहे आणि जुन्या घड्याळाची किंमतही त्याने उतरते.

नवीन पट्टा घेताना आपल्या घड्याळाची जाड पिन त्याच्या नळीतून जाते का, हे दुकानातच बघा. चामड्याची नळी १.५ मिमीसाठी शिवलेली असेल तर २ मिमीची पिन जोर लावून घालता येते, पण तिथलं चामडं ताणून पातळ होतं. पिनेपाशी फाटलेल्या अनेक पट्ट्यांचं कारण हे असतं. असा पट्टा आवडलाच असेल तर चांभाराकडून नळी मोकळी करून घ्या, आतून ठोकून बसवू नका.

झटपट पट्टा बदलता यावा म्हणून छोटी खुंटी असलेल्या पिना हल्ली सर्रास मिळतात. सोयीच्या आहेत, हत्यार लागत नाही. समारंभात घालायच्या हलक्या, पातळ घड्याळाला मी त्या आनंदाने सुचवीन, पण जड डायव्हर घड्याळाला नाही. त्यांची नळी बारीक असते, शिवाय खुंटीसाठी पट्ट्याला आतून खाच पाडलेली असते आणि तिथे पट्टा कमजोर होतो.

रोलेक्सच्या जुन्या सबमरीनर, जीएमटी-मास्टर अशा घड्याळांना लगाच्या बाहेरच्या बाजूनेही भोक असतं. तुमच्या घड्याळाला तसं असेल तर नशीबवान आहात. बाहेरून बारीक हत्याराने टोक दाबलं की पिन सुटते, आतून खरवडावं लागत नाही. अशा घड्याळाला बिनखांद्याची, म्हणजे टोकापाशी कडं नसलेली जाड पिन बसवता येते, आणि ती सगळ्यात भरवशाची.

प्रत्येक नव्या पट्ट्याबरोबर पिनेची नवी जोडी घ्या. घड्याळ लाखाच्या घरातलं असतं आणि पिना चहा-नाश्त्याच्या पैशांत येतात. जुनी पिन ‘अजून चांगली आहे’ म्हणून परत बसवण्यात काहीच बचत नाही.

आणि जाडीचं म्हणाल तर: स्पोर्ट्स घड्याळाला जाड, फुगीर पट्टा शोभतो खरा, पण लगातलं भोक केसच्या जवळ असेल तर असा पट्टा केसला टेकतो. मनगट वाकवलं की पट्ट्याने पिनेभोवती फिरायला हवं, पण तो फिरू शकत नाही आणि पिनेला वर उचलतो. बसवून झाल्यावर पट्टा हाताने सरळ खाली दाबून बघा. तो लगांमधून लटकून खाली पडला पाहिजे. आडवाच ताठ उभा राहिला तर पातळ पट्टा घ्या, किंवा बाहेरच्या बाजूला वाकवलेली पिन मिळते ती वापरा.

घाम, पाऊस आणि चामडं

आपल्याकडची हवा चामड्याला सोपी नाही. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. साताऱ्यात जूनपासून दमट हवा, कास-महाबळेश्वरच्या बाजूला तर कपाटातले कपडेसुद्धा ओलसर लागतात. परदेशातले लोक चामडी पट्टा वर्षानुवर्षं वापरतात हे वाचून आपण तीच अपेक्षा धरतो, ती इथे पुरी होत नाही.

चामडी पट्टा आपल्याकडे दिवाळीपासून होळीपर्यंत. उरलेले महिने रबर, नायलॉन किंवा स्टीलची चेन. हे ज्यांनी पाळलं, त्यांचा एकच पट्टा तीन-चार हिवाळे सहज जातो. चामडं वाईट म्हणून हे सांगत नाही. मला स्वतःला स्पीडमास्टरवर तपकिरी चामड्याइतकं दुसरं काही शोभतं असं वाटत नाही. पण घामातलं मीठ चामड्यात मुरतं, पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. रोज असंच होत राहिलं की चामड्यातलं तेल निघून जातं, अस्तर आणि वरच्या थरामधला डिंक सुटतो आणि कडेचा रंग तडकतो. पट्टा भिजला की लगेच मनगटावरून काढा, कोरड्या सुती कापडाने टिपून सावलीत मोकळ्या हवेत ठेवा. उन्हात नाही, केस वाळवायच्या यंत्राने नाही, गाडीच्या डॅशबोर्डवर तर अजिबात नाही.

खोबरेल तेल लावण्याची सवय खूप ठिकाणी दिसते. चामडं मऊ होतं हे खरं, पण रंग डागाळतो, तेलावर धूळ बसते आणि काही दिवसांनी खवट वास सुटतो. त्यापेक्षा न लावलेलं बरं. सॅनिटायझर आणि अत्तर मनगटावर थेट लावून वर पट्टा बांधणं हेही टाळा. त्यातल्या अल्कोहोलने चामड्यावरचा लेप निघतो.

पावसाळ्यात चामडी पट्टा प्लास्टिकच्या डबीत बंद करून लोखंडी कपाटात ठेवला की बुरशी आलीच म्हणून समजा. कागदात किंवा सुती पिशवीत, सिलिका जेलची पुडी बरोबर ठेवून, हवा लागेल अशा जागी ठेवा. वरवरची पांढरी बुरशी कोरड्या कापडाने पुसता येते. अस्तराच्या आत गेली असेल तर पट्टा सोडून द्या.

इथे आपल्या भागातली एक चांगली सोय सांगतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे आहेत, आणि महाराष्ट्राच्या चारांत सांगली आणि सातारा दोन्ही आहेत. म्हणजे झाडाच्या साली-फळांनी कमावलेलं चामडं ओळखणारे, हाताने शिवणारे कारागीर आपल्या आसपास आहेत. त्यांच्याकडून पट्टा करून घेता येतो आणि तो बाजारातल्या पॉलिश केलेल्या पट्ट्यापेक्षा पुष्कळदा सरस निघतो, फक्त नीट सांगून करून घ्यावा लागतो. चपलेच्या तळाचं चामडं नको, वरच्या अंगठ्याच्या पट्टीचं पातळ चामडं हवं. लगाकडे २० मिमी रुंद असेल तर बकलाकडे १८ किंवा १६ मिमीपर्यंत निमुळता करायचा. दोरा सुती नको, सुती दोरा घामाने कुजतो. मेण लावलेला पॉलिस्टरचा दोरा वापरायला सांगा. आणि आपल्या जुन्या पट्ट्याचं बकल काढून न्या. कंपनीचं मूळ बकल असेल तर ते जपायलाच हवं.

अशा पट्ट्याबाबत एक गोष्ट बघून लोक घाबरतात. काही महिन्यांनी पिनेच्या भोकाभोवती निळसर काळं वर्तुळ उमटतं. ती बुरशी नाही, चामडं सडलेलंही नाही. झाडापासूनच्या टॅनिनला लोखंड आणि ओल मिळाली की असा काळा रंग तयार होतो, पूर्वी याच मिश्रणाची शाई करत. म्हणजे वर्तुळ दिसलं की पिन गंजायला लागली आहे हे समजायचं. स्टेनलेस स्टीलची चांगली पिन टाका, डाग पुढे सरकायचा थांबतो. उमटलेला डाग जात नाही.

मगरीच्या कातड्याचा पट्टा कुणी सुचवेल. ‘कंपनी असाच देते’ म्हणेल. सांगलीकरांनी यात जरा जास्त लक्ष घालावं, कारण आपल्या कृष्णेतली मगर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. परदेशी मगर आणि ॲलिगेटरच्या कातड्याचा व्यापारही साइटिस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतो आणि भारत त्यात १९७६ पासून आहे. कागदपत्रांशिवाय परदेशातून टपालाने मागवलेला असा पट्टा कस्टममध्ये अडकू शकतो. खवल्यांचा ठसा उठवलेलं वासराचं चामडं दिसायला जवळपास तसंच, घामाला त्याच्याइतकंच टिकतं आणि कटकट शून्य.

रबर कोणतं

रबर म्हणून तीन-चार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि तक्रारी बहुतेक नाव न विचारता घेतल्यामुळे येतात. सिलिकॉन मऊ आणि स्वस्त, पण त्याला धूळ, कापडाचे तंतू, केस सगळं चिकटतं आणि पिनेच्या भोकापाशी एकदा चीर पडली की ती धावत जाते. पॉलियुरेथेनचं वर सांगितलंच. नैसर्गिक रबर चांगलं, पण ऊन आणि तेलाने कडक पडून तडकतं. आपल्या उन्हाला आणि घामाला टिकतं ते एफकेएम, म्हणजे फ्लोरोइलास्टोमर. तेल, उष्णता, घाम यांना ते दाद देत नाही, धूळ कमी धरतं, आणि साबणाच्या पाण्याने धुऊन पुसलं की झालं. महाग पडतं, पण मार्च ते ऑक्टोबर एकच पट्टा घालायचा असेल तर मी याच्याशिवाय दुसरं काही सुचवणार नाही.

केसला चिकटून बसणारा वळणदार टोकाचा पट्टा घेतला तर तो त्या मॉडेलसाठीच बनवलेला हवा. ‘सगळ्या २० मिमीला बसतो’ असं लिहिलेला वळणदार पट्टा एकालाही नीट बसत नाही.

आणि हे विसरू नका: रबराचा पट्टा बांधला म्हणून घड्याळ पाण्यातलं होत नाही. स्पीडमास्टर प्रोफेशनलची पाण्याची क्षमता ५० मीटर लिहिलेली असते आणि त्याला क्रोनोग्राफची, म्हणजे स्टॉपवॉचची, दोन बटणं आहेत. रबरी पट्टा बांधून ते विहिरीत पोहायला नेऊ नका. पोहायचं असेल तर स्क्रूचा क्राउन (बाजूची चावी) असलेलं डायव्हर घड्याळ, तेही गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, तपासलेलं.

नायलॉन

घड्याळाखालून सलग जाणारा नायलॉनचा पट्टा लोक नाटो म्हणून ओळखतात. तो ब्रिटिश संरक्षण खात्याच्या १९७३ च्या मानकातून आला. तेव्हा तो राखाडी आणि २० मिमी रुंद होता. त्याची मोठी जमेची बाजू म्हणजे एक पिन निसटली तरी दुसरी पिन आणि पट्टा घड्याळाला धरून ठेवतात. सज्जनगड-अजिंक्यतारा चढणारे, रोज गाडीवर सातारा-कराड करणारे, शेतावर जाणारे यांना मी डोळे मिटून हाच सांगेन. घड्याळ मनगटावर थोडं उंच बसतं, बारीक मनगटाच्या लोकांना ते आवडत नाही. दर आठवड्याला काढून धुवायला मात्र हवा, कारण मागच्या झाकणाखाली अडकलेली माती झाकणाला ओरखडे पाडते.

हळदीच्या व्यापारात, अडतीत किंवा हळद कारखान्यात काम करणाऱ्यांनी फिकट रंगाचं नायलॉन घेऊ नये. हळद त्यात बसते, आणि साबणाने धुवायला गेलं की डाग आधी लालसर होतो, कारण हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत रंग बदलतं. घाबरून आणखी साबण लावू नका. साध्या पाण्याने साबण पूर्ण निघू द्या आणि पट्टा उन्हात ठेवा. उन्हाने हळदीचा रंग उडतो. नायलॉनला हे ऊन चालतं, चामड्याला नाही. काळा, गडद हिरवा किंवा खाकी घेतला तर हा प्रश्नच येत नाही.

मनगटाला पुरळ येत असेल

पट्टा बदलण्याआधी दोन आठवडे पट्टा एक भोक सैल बांधा, आंघोळीआधी घड्याळ काढा आणि मनगट कोरडं करूनच पुन्हा बांधा. पुरळ बहुतेक वेळा पट्ट्याखाली अडकलेल्या साबणामुळे आणि घामामुळे येतं. एवढं करूनही आलं तर बकलाच्या निकेलचा किंवा क्रोमने कमावलेल्या चामड्याचा त्रास असू शकतो. मग एफकेएम आणि स्टेनलेस स्टीलचं बकल वापरून बघा, आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

लांबी

बाजारातला साधा पट्टा लांब बाजूला साधारण १२० मिमी आणि बकलाच्या बाजूला ७५ मिमी असतो. बकल मनगटाच्या खाली बरोबर मध्यावर यावं आणि बकलाचा काटा मधल्या भोकात बसावा. कायम शेवटच्या भोकात बांधावं लागत असेल तर पट्टा आखूड आहे, ते भोक ताणून चिरणारच. घरी दाभणाने जास्तीचं भोक पाडू नका. चांभाराकडच्या गोल पंचने पाडलेलं भोक फाटत नाही, दाभणाचं फाटतं.

चेनचं घड्याळ असेल तर

सगळ्याच घड्याळांना बाजारातला पट्टा बसत नाही. १९७२ चं ओडेमार पिगेचं रॉयल ओक, १९७६ चं पाटेक फिलिपचं नॉटिलस, दोन्ही जेराल्ड जेंटा यांनी आखलेली. यांत चेन केसमधूनच निघते, त्यामुळे साधा २० मिमीचा पट्टा बसायचा प्रश्नच नाही. या घड्याळांसाठी त्या मॉडेलचाच पट्टा लागतो, आणि तो बसवायचं काम घरी करू नये.

साध्या लगांच्या घड्याळाची चेन ढिली पडली असेल तर कड्यांमधली माती आणि घाम मिळून कड्यांच्या पिना झिजवतात. क्राउन घट्ट बंद करून, गॅस्केट तपासलेलं असेल तर, किंवा चेन सोडवून घेऊन, कोमट साबणपाण्यात मऊ ब्रशने घासत राहिलात तर ही झीज खूप मंदावते.

घरी बसवताना

कर्कटक, ब्लेड, चाकू, टेस्टरचा स्क्रूड्रायव्हर यातलं काहीही वापरू नका. लगाच्या आतले बहुतेक ओरखडे यांचेच असतात. पिन काढायचं दुतोंडी हत्यार ऑनलाइन स्वस्तात मिळतं. लगांच्या आतल्या आणि खालच्या बाजूला साधा चिकट टेप लावा. घड्याळ आणि हात दोन्ही मोठ्या पारदर्शक पिशवीत घालून काम करा, कारण पिन निसटली की ती स्प्रिंगच्या जोराने उडते आणि फरशीवर सापडत नाही. एक टोक भोकात आधी बसवा, दुसरं दाबून सरकवा, आणि टच् असा आवाज येईपर्यंत थांबा. आवाज आला नाही तर टोक भोकात गेलेलं नाही, भोकाच्या कडेवर टेकलं आहे. मग पट्टा दोन्ही हातांनी धरून चांगला ओढा, बाजूलाही पिळा. सुटायचं असेल तर ते इथे गादीवर सुटू द्या.

कंपनीची मूळ चेन काढून पट्टा लावला असेल तर चेन, काढलेल्या कड्या, तिच्या पिना आणि मूळ बकल हे सगळं एका पाकिटात घालून, पाकिटावर घड्याळाचं मॉडेल आणि लगाची रुंदी लिहून, बिल आणि वॉरंटी कार्डासोबत ठेवा. घड्याळ पुढे विकायचं झालं तर घेणारा आधी हे पाकीट मागतो. काढलेल्या दोन कड्या नसतील तर जाड मनगटाचा गिऱ्हाईक घड्याळ आवडूनही परत जातो.